जगात जर्मनी, भारतात परभणी आणि पहिला कॅमेरा

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चारठाण्याची देवळं, आसपासच्या बारवा, हिवाळ्यात येलदरीला उतरणारी पाखरं आणि शाळेचं स्नेहसंमेलन एवढं नीट टिपता यावं म्हणून डीएसएलआर घ्यायचा आहे. चाळीस हजार रुपये बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो, दोन लेन्सची किट घेऊन टाका मॅडम. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, डीएसएलआर संपला, मिररलेस घे. घरचे म्हणतात, मोबाइल आहे की! कुणाचं ऐकू?
(एक वाचक, जिंतूर)

उत्तर : घरच्यांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. तुमच्या यादीत नुसती देवळं आणि बारवा असत्या, तर मीही म्हटलं असतं, मोबाइलची काच पुसा आणि निघा. जागचं न हलणारं दगडी काम, दिवसाचा उजेड आणि हाताशी हवा तेवढा वेळ असला की आजचा बरा मोबाइल कमी पडत नाही. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असलेली बारव तो तीन-चार फोटो आपोआप एकत्र करून अशी जुळवतो, की नवशिक्याच्या हातातल्या मोठ्या कॅमेऱ्याने मान खाली घालावी.

पण यादीत पाखरं आहेत आणि स्टेज आहे. तिथे मोबाइलचा दम निघतो. पन्नास मीटरवरचं बदक त्यात ठिपक्याएवढं येतं. दोन बोटांनी मोठं करायला गेलं की त्याचा रंगीत चिखल होतो. संध्याकाळच्या स्टेजवर नाचणारी पोरं तर नुसत्या रेघाच उमटतात. प्रकाश झेलणारा सेन्सर मोबाइलमध्ये करंगळीच्या नखाएवढा किंवा त्याहून लहान असतो. नवशिक्यांच्या डीएसएलआरमध्ये तो साधारण २३ बाय १५ मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाएवढा असतो. पाऊस अंगणात सगळीकडे सारखाच पडतो, पण वाटीत साचतं ते वेगळं आणि परातीत साचतं ते वेगळं. शिवाय कामाप्रमाणे लेन्स बदलता येते. पैसे मोजायचे ते या दोन गोष्टींसाठी. बाकी चकचकीत बटणं आणि खोक्यावरची मोठी अक्षरं यांच्यासाठी दमडी मोजू नका.

आता पुण्याचा भाचा. त्याची बातमी खरी आहे. फक्त तिचा तुमच्यासाठी लागणारा अर्थ त्याने उलटा काढलाय.

आपल्याकडे ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती फुगवून म्हणतात. कशावरून म्हणतात, ते विचारलं की दहा जण दहा गोष्टी सांगतात. पण एसएलआरच्या बाबतीत जर्मनीचा मान खरोखरच मोठा आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा आणि बाजारात रीतसर आलेला पहिला एसएलआर १९३६ साली ड्रेस्डेन शहरात तयार झाला. इहागे कंपनीचा ‘किने एक्झाक्टा’ तो. लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो, आरसा तो वर फेकतो आणि जे फिल्मवर उमटणार तेच डोळ्याला आधी दिसतं, ही त्याची करामत. एक्झाक्टात वरून खाली डोकावून बघावं लागे आणि डावं-उजवं उलटं दिसे. १९४९ साली ड्रेस्डेनच्याच ‘काँटॅक्स एस’मध्ये पंचकोनी लोलक आला आणि कॅमेरा डोळ्याला लावून चित्र सरळ बघता येऊ लागलं. एसएलआरच्या माथ्यावर आजही जो उंचवटा दिसतो, तो याच लोलकाचा. पुढे धंदा जपानकडे गेला. क्लिक झाल्यावर आरसा स्वतःहून खाली यावा, ही सोय १९५४च्या असाहीफ्लेक्सने दिली आणि १९५९च्या निकॉन एफने वृत्तपत्रांचे छायाचित्रकार आपलेसे केले. आज निकॉनच्या डीएसएलआरला लेन्स बसवायची जी खाच असते, ती मुळात त्याच १९५९च्या कॅमेऱ्याची आहे.

डिजिटल सेन्सर आला तरी आरसा होता तिथेच राहिला. २००३ साली कॅननने हजार डॉलरच्या आतला ३००डी आणला आणि डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला. मग सेन्सरवरची प्रतिमा थेट पडद्यावर इतकी झटपट दिसू लागली, की आरशाचं कामच उरलं नाही. २००८मध्ये पॅनासॉनिकने आरसा काढून टाकला. २०१८मध्ये कॅनन आणि निकॉन या दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नव्या खाचा आणल्या. २०२१च्या अखेरीस कॅननच्या प्रमुखांनी सांगून टाकलं, की आपल्या सर्वात वरच्या दर्जाचा डीएसएलआर आता नव्याने येणार नाही. निकॉनने डी३५०० आणि डी५६०० ही नवशिक्यांची लाडकी जोडी बनवणं थांबवलं. भाचा बोलतोय ते एवढ्याबद्दल.

बाजाराची पाठ फिरली की माल स्वस्त होतो, हे मानवतच्या कापूस बाजाराजवळ राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जिल्ह्यातले लग्नाचे फोटोग्राफर एकेक करून मिररलेसकडे वळताहेत आणि त्यांच्या कपाटातल्या बॉडी, लेन्स, फ्लॅश विक्रीला निघताहेत. त्यातून निघणारा फोटो कालही चांगला होता, आजही चांगलाच आहे. कंपनीने पुढचं मॉडेल काढायचं थांबवल्याने जुन्या सेन्सरला पडसं होत नाही. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ काचेच्या प्लेटांवर फोटो काढत. आज ते फोटो पाहताना कॅमेऱ्याचं मॉडेल कुणी विचारत नाही. तुमच्या चाळीस हजारांत नवा मिररलेस बसवायचा म्हटलं तर एका लहानशा लेन्सवरच थांबावं लागेल आणि येलदरीची पाखरं तशीच उडून जातील.

आरशाच्या बाजूने आणखी दोन गोष्टी बोलतात आणि त्या दोन्ही आपल्या हवेच्या आहेत. पहिली म्हणजे ऊन. एप्रिलमध्ये दुपारी चारठाण्याच्या माळावर मोबाइलचा किंवा कॅमेऱ्याचा पडदा बघून फोटो काढून पाहा. पडद्यात स्वतःचा घामेजलेला चेहरा तेवढा दिसतो. डीएसएलआरच्या डोळा लावायच्या खिडकीत विजेचा संबंध नाही. समोरचा प्रकाशच आरशावरून डोळ्यात येतो. दुसरी म्हणजे बॅटरी. या खिडकीला वीज लागत नाही म्हणून बॅटरी पुरते. ठरलेल्या चाचणीनुसार कॅननच्या १५००डीची एका चार्जिंगमध्ये सुमारे ५०० फोटो देते, निकॉनच्या डी३५००ची तर १५५०. साध्या मिररलेसमध्ये हा आकडा बहुधा तीनशे-चारशेच्या घरात असतो. जिथे लाइट कधी जाईल आणि कधी येईल हे महावितरणलाच ठाऊक, तिथे हा फरक मोठा आहे.

मग कुठला घ्यायचा? इथे मी तुम्हाला एक उलटा सल्ला देतो. मॉडेलची यादी करण्याआधी माणसांची यादी करा. शाळेतले कोणी सर, तालुक्याच्या गावचा ओळखीचा स्टुडिओवाला, पक्षी बघायला जाणारा एखादा डॉक्टर, चुलतभाऊ, जावेचा मुलगा. यांच्याकडे कॅनन आहे की निकॉन? ज्याची माणसं जास्त, तो कॅमेरा तुमचा. कारण कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही आणि निकॉनची कॅननला. खाच वेगळी असते. नवशिक्याची खरी गरज असते ती दुसऱ्याची लेन्स एका रविवारपुरती मागून आणता येण्याची आणि ‘हे बटण कशाचं हो?’ असं विचारता येण्याची. मी स्वतः हे न करता मासिकातली परीक्षणं वाचून पहिला कॅमेरा घेतला. कॅमेरा उत्तम होता. पण माझ्या ओळखीतले झाडून सगळे दुसऱ्या कंपनीचे निघाले. तीन वर्षं मी लोकांच्या लग्नात त्यांच्या लेन्सकडे उपाशी माणसासारखा बघत उभा होतो. मुंबई-पुण्यात भाड्याने लेन्स मिळते. आपल्याकडे लेन्स ओळखीवर मिळते.

माणसं मोजून झाली की पुढचं सोपं आहे. कॅननचं पारडं जड असेल तर २००डी किंवा २००डी मार्क २, वापरलेला चालेल. पडदा बाहेर काढून फिरवता येतो, बाहेरचा माइक जोडता येतो आणि पडद्यावर बघून व्हिडिओ घेतानाही फोकस चटकन पकडतो. स्नेहसंमेलनातली भाषणं रेकॉर्ड करायची असतील तर हे लागणारच. नवाच हवा असेल तर १५००डी. फोटो छान देतो, पण माइक जोडायची सोय नाही आणि पडद्यावरून फोकस करताना तो विचारात पडतो. ३०००डी मात्र घेऊ नका. थोडे पैसे वाचतात, पण लेन्स बसते ते कडंच प्लॅस्टिकचं आहे आणि चष्मेवाल्यांसाठी खिडकीचा नंबर जुळवायची चकती नाही. चाळिशी लागली असेल तर समोरचं धूसर दिसतंय ते फोकसमुळे की आपल्या डोळ्यांमुळे, हेच कळणार नाही.

निकॉनची माणसं जास्त असतील तर वापरलेला डी५६००. हलका आहे, पडदा फिरतो. डी३५०० त्याहून हलका आणि बॅटरीला राक्षस, पण माइक नाही, वायफाय नाही. निकॉन घेताना एक मेख लक्षात ठेवा. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेलं बघा. कोणी स्वस्तात ‘एएफ-डी’ लेन्स दिली तर ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. बदक तोवर पूर्णा नदीच्या पलीकडे. डी७००० आणि डी७२०० यांच्या बॉडीत मोटर असते. शिवाय खिडकीत आरशांच्या जोडणीऐवजी सबंध काचेचा लोलक असतो, त्यामुळे दृश्य मोठं आणि उजळ दिसतं. वजनाला जड आहेत, एवढीच तक्रार.

राहिला दुकानदार. त्याची दोन लेन्सची किट तुमच्या बाबतीत, चमत्कार वाटेल, पण बऱ्यापैकी बरोबर आहे. १८-५५ मिलिमीटरची बारवेसाठी आणि ५५-२५० किंवा ७०-३०० ही पाखरांसाठी. किटबरोबर ‘फ्री’ मिळणारा ट्रायपॉड मात्र फुकटच समजा. माझा असाच एक फुकटा ट्रायपॉड एका बारवेच्या तिसऱ्या पायरीवर गुडघ्यात मोडला. कॅमेरा मी गळ्यात अडकवलेला होता म्हणून वाचला. ट्रायपॉड अजून तिथेच असेल. पाणी खोल होतं.

आता तुमच्या जागा घेऊ. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. तिच्या काठावर उभं राहून सगळा घेर एका फोटोत घ्यायचा तर लेन्स १८वर आणावी लागते. तिथे पन्नासची लेन्स कितीही महागडी असली तरी कामाची नाही, नुसत्या चार पायऱ्या येतील. दुसरी अडचण उजेडाची. वरचे दगड उन्हाने पांढरेफटक आणि तळ काळाकुट्ट. कॅमेरा दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही. तुम्ही वरच्या उजळ भागाला धरून उजेड ठरवा आणि फोटो ‘रॉ’ स्वरूपात काढा. अंधारातले तपशील नंतर संगणकावर वर काढता येतात. पांढरे होऊन गेलेले मात्र परत येत नाहीत. किंवा सरळ ढगाळ दिवस बघून जा. श्रावणातला एखादा असा दिवस हजारो रुपयांच्या लेन्सपेक्षा जास्त देतो. चारठाण्याच्या उंच कोरीव खांबासाठी याच्या उलट करा. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात कोरीव कामाला उठाव येतो. डोक्यावरच्या उन्हात तोच दगड सपाट पत्र्यासारखा दिसतो.

जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन गुंफांत जायचं असेल तर आधी परवानगी विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. मूर्तीचा फोटो चालत नसेल तर नाही काढायचा, विषय संपला.

येलदरीची गोष्ट वेगळी. २५० मिलिमीटरची लेन्स कॅननच्या या लहान सेन्सरवर ४०० मिलिमीटरसारखी दिसते, निकॉनवर ३०० ही ४५०सारखी. तरीही चक्रवाकाची जोडी फोटोत पुरेशी मोठी यायला तुम्हालाच जवळ जावं लागेल, तेही फार हालचाल न करता आणि पांढरे कपडे न घालता. उडत्या पाखरासाठी शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवा, उजेड कमी असेल तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला दाद द्यायची ताकद, वाढवा. थोडे दाणे आलेले चालतील, हललेलं पाखरू चालणार नाही. धरणाच्या भिंतीवर मात्र कॅमेरा काढण्याआधी तिथल्या पाट्या वाचा. धरणं सुरक्षेच्या यादीत असतात आणि पहारेकऱ्याला तुमची बदकं दिसत नाहीत, तुमची लांबलचक नळी दिसते.

स्नेहसंमेलन सगळ्यात अवघड आहे, कारण मंडप, दोन पिवळे हॅलोजन आणि स्थिर न राहणारी लेकरं. इथे किट लेन्स हात टेकते. ५५ला तिचं तोंड एफ/५.६एवढंच उघडतं. पन्नासची ‘वन पॉइंट एट’ लेन्स एफ/१.८पर्यंत उघडते आणि त्यातून जवळपास दहापट उजेड आत येतो. किट लेन्सने जो फोटो एक विसांश सेकंदात निघाला असता आणि हलला असता, तो दोनशेंश सेकंदात निघतो. आपल्या स्टुडिओवाल्यांच्या बॅगेत दुसरं काही नसलं तरी ही ‘पन्नासची’ असतेच. कॅननची नवी दहाएक हजारांच्या आसपास मिळते, वापरलेली त्याहून कमी. निकॉनवाल्यांनी हवी तर ३५ची घ्यावी. लहान वर्गखोलीत मागे सरकायला जागा नसते, तिथे ती बरी.

तेव्हा हिशोब असा करा. वापरलेली बॉडी आणि १८-५५, वापरलेली लांब लेन्स, आणि उरतील त्या पैशांत पन्नासची. मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. खोटी कार्डं इतकी हुबेहूब असतात की फोटो गेल्यावरच कळतं. आणि पहिलं वर्षभर चौथी लेन्स घेऊ नका, भाच्याने कितीही लिंका पाठवल्या तरी.


प्रश्न : लग्नाच्या सीझननंतर एक फोटोग्राफर त्याचा डीएसएलआर अर्ध्या किमतीत द्यायला तयार आहे. बॉडी चकाचक दिसते. काय तपासू?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, मानवत)

उत्तर : चकाचक दिसण्यावर जाऊ नका, बैल घेताना आपण दात बघतो ना! कॅमेऱ्याचे दात म्हणजे शटर काउंट, आजवर किती वेळा क्लिक झालं तो आकडा. डी३५००सारख्या निकॉनचं शटर कंपनीने एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, डी७२००चं दीड लाखापर्यंत. आता हिशोब करा. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन-अडीच हजार क्लिक सहज होतात. अशी चाळीस लग्नं झाली की एकाच वर्षात लाख गाठला. लाखानंतर शटर त्याच दिवशी मरतं असं नाही, काही दोन-दोन लाख ओढतात. पण किंमत ठरवताना तो आकडा तुमच्या बाजूने बोलला पाहिजे. निकॉनमध्ये तो ताज्या जेपीजी फोटोच्या माहितीतच असतो, वाचून दाखवणाऱ्या साइट्स आहेत. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असा सहज दिसत नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

मग स्वतःचं कार्ड घेऊन जा. तोंड एफ/१६वर नेऊन आकाशाचा फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर निळ्यावर काळपट ठिपके दिसतील. ते साफ होतात, घाबरायचं कारण नाही, फक्त त्याचे पैसे कमी करून घ्या. लेन्स काढून मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं तर ती बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. ती दुसऱ्या लेन्सलाही लागू शकते. झूम फिरवताना खरखर होते का, फ्लॅशची खाच सैल आहे का, बॅटरीचं झाकण नीट बसतं का हे बघा. शेवटी मूळ बिल मागा आणि त्यावरचा क्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवा. बिल नसेल तर कॅमेरा कुणाचा तरी असू शकतो, आणि तो कुणी तरी परभणीतच राहत असू शकतो.

तेवढ्यावर बिनधास्त घ्या. फोटोग्राफर चांगला असेल तर बॉडीबरोबर एक अट घाला, पुढच्या एका लग्नात मागे उभं राहू द्यायचं. माझ्या मते ती अट बॉडीपेक्षा किमती आहे.


प्रश्न : २४ मेगापिक्सेल पुरतात का? मोबाइलवाले १०८, २०० सांगतात.
(एक वाचक, सेलू)

उत्तर : पुरतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे सहा हजार गुणिले चार हजार ठिपके. ए३ आकाराच्या उत्तम छपाईला साडेसतरा लागतात. भिंतीएवढा फ्लेक्स करायचा तर त्याहूनही कमी चालतात, कारण वाढदिवसाचा फ्लेक्स कुणी भिंगातून बघत नाही. तो ज्याचा असतो तो सोडून. मोबाइलमधले २०० हे त्याच नखाएवढ्या जागेत कोंबलेले असतात आणि बहुतेक वेळा फोनच ते एकत्र मिसळून बारा-पंधरा करून देतो.


प्रश्न : गोदाकाठी राहतो. घाटावर फोटो काढायचा छंद लागलाय. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात धूळ. कॅमेरा जपायचा कसा?
(सेवानिवृत्त कर्मचारी, गंगाखेड)

उत्तर : पावसाळ्यात कपाटातल्या कातडी किंवा स्पंजाच्या बॅगेत कॅमेरा महिनोन्महिने ठेवणं म्हणजे बुरशीला जेवायला बोलावणं. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, स्वयंपाकघरातला असतो तसाच. त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरा. तांदळाच्या डब्यात ठेवायची युक्ती सांगणारे भेटतील. तांदळाला पीठ असतं, ते बटणांत जातं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दोन-चार फोटो काढलेले चांगले. बुरशीला वापरातली लेन्स आवडत नाही.

धुळीचं म्हणाल तर आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते. लेन्स बदलायची झाली तर पाठ वाऱ्याकडे, बॉडीचं तोंड खाली आणि काम दोन सेकंदांत. खळ्यावर मळणी चालू असताना तर बदलूच नका. मी हरभऱ्याच्या खळ्यावर ते एकदा केलं आणि पुढचे दोन महिने माझ्या प्रत्येक आकाशात उजव्या कोपऱ्यात एक घार उडत होती. लोक तारीफ करत होते. सेन्सरवर फुंकर मारू नका, थुंकी उडते. रबरी फुग्याचा ब्लोअर मिळतो तो वापरा, आणि डाग तरीही राहिला तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणकाराकडे द्या.

आणि ऊन. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं गंगाखेड पाहिलेलं दिसत नाही. चाळिशी ओलांडली म्हणून कॅमेरा लगेच बंद पडत नाही, पण काळी बॉडी उन्हात तापते, बॅटरी लवकर उतरते आणि बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेली लेन्स तर भाजूनच निघते. घाटावर बसताना बॅगेवर पांढरं उपरणं टाका. फोटो उगवतीला काढा. तेव्हा पाण्यावर ऊन आडवं येतं, स्नानाला आलेल्या बायाबापड्यांची गर्दी असते आणि दगडी पायऱ्या ओल्या असल्याने चमकतात. त्या निसरड्याही असतात. पट्टा गळ्यात अडकवल्याशिवाय खाली उतरू नका, आणि माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा. स्नान करणाऱ्यांचे तर काढूच नका.